बरा होईल आणि बरं वाटेल

तात्या गेल्याचं मला फोनवरच्या एका ओळीतून कळलं. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी कोणीतरी लिहिलं होतं, 'तात्या एक्सपायर झाले', आणि त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. रडू यायच्या आधी मला राग आला. औषधाची बाटली एक्सपायर होते, गाडीचा विमा एक्सपायर होतो... ज्या माणसाने जन्मभर गावातल्या पोरांना इंग्रजी शब्दांच्या छटा शिकवल्या, त्याच्या वाट्याला शेवटी हा शब्द यावा? तात्या असते तर म्हणाले असते, "मंगे, मराठीत मरायला काय शब्दांचा दुष्काळ पडलाय व्हय? वारला, गेला, निवर्तला, देवाघरी गेला. नावडता असला तर खपला. परक्याच्या दारात कशाला जायचं?" सांगलीहून गावी जाताना कराडपर्यंत मी त्या एका शब्दावर धुसफुसत होते. ते मला सोयीचंही होतं, कारण शब्दावर चिडत बसलं की माणसाचा विचार करावा लागत नाही.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. आमचं गाव उंब्रजहून आत, हायवेचा आवाज ऐकू येत नाही इतपत लांब. माझे वडील लष्करात, त्यांच्या सारख्या बदल्या, म्हणून शाळेची सगळी वर्षं मी गावी तात्यांच्या आणि काकीच्या हाताखाली काढली. तात्या गावातल्या हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं गावाला त्यांचं फार कौतुक कधी नव्हतं. पांढरा सदरा, पायात चपला, आणि वर्गात खडू मोडला तरी खाली वाकून तुकडा उचलणारा माणूस. पण शब्दांचा विषय निघाला की त्यांचं अंग बदलायचं. आमच्या पुस्तकात धड्याखाली 'समानार्थी शब्द' असा एक चौकोन असे, आणि त्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "समानार्थी असं काय नसतंय पोरांनो," ते म्हणायचे. "ही भावकी हाय. आडनाव एक, बांध येगळा. एकाच्या वावरात दुसऱ्याचं औत घातलं की भांडण लागलंच म्हणून समजा."

मग ते उदाहरणं द्यायचे, आणि ती कधी पुस्तकातली नसायची. लीन आणि स्किनी हे दोन शब्द त्यांनी आम्हाला बैलबाजारातून शिकवले. एकाच बैलाला विकणारा म्हणतो चपळ हाय, अंगावर फालतू मांस न्हाई. घेणारा म्हणतो फासळ्या मोजून घ्या. बैल तोच, उभा राहतो तोही तिथंच, फक्त कासरा कोणाच्या हातात आहे त्याप्रमाणे शब्द बदलतो. ग्लान्स, स्टेअर आणि गेझ शिकवताना त्यांनी अख्खा वर्ग खिडकीशी नेला होता. वाटेने जाणारा माणूस आपल्याकडे टाकतो तो ग्लान्स, गोठ्यातली म्हैस बघते तो स्टेअर, आणि शिपायाची बायको एसटी वळणाआड गेल्यावरही बघत राहते तो गेझ. वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप लष्करात होते. त्या शेवटच्या उदाहरणाला कोणी हसलं नाही, आणि त्या शब्दाचा अर्थ आजवर कोणी विसरलं असेल असं मला वाटत नाही.

पुढे हायवेला भरतीच्या अकॅडम्या निघाल्या, आणि तिथली पोरं पर्यायी शब्दांच्या छापील याद्या घेऊन तात्यांकडे यायला लागली. परीक्षेत एक शब्द आणि खाली चार पर्याय. जवळचा असेल त्यावर खूण करायची. तात्या खुणा करून द्यायचे, पण कुरकुरत. एकदा एका पोराने ब्रेव्ह, बोल्ड आणि रॅश हे सगळे 'सेमच' आहेत असं सांगितलं, तेव्हा त्यांनी यादी बाजूला ठेवली. "तू भरती व्हणार हायस. तर ध्यानात ठेव. तू पुढं पळालास आणि परत आलास तर ब्रेव्ह म्हणतील. परत न्हाई आलास तर कुणीतरी खुर्चीत बसून रॅश लिव्हंल. पळणं तेच असतंय." पोरगं घाबरून गेलं. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीला आले होते, आणि मला ते बोलणं क्रूर वाटलं. आता मी स्वतः सांगलीत इंग्रजी शिकवते, आणि इतक्या खरेपणाने एकही शब्द मला आजवर शिकवता आलेला नाही.

गावाला तात्यांचा खरा उपयोग कळला तो निराळ्याच कारणाने. कराडच्या दवाखान्यांतून माणसं जाडजूड फायली घेऊन परत यायला लागली. फाईल इंग्रजीत, डॉक्टर घाईत, आणि विचारायची भीती. मग संध्याकाळी कोणीतरी साडीच्या दुकानाच्या पिशवीत फाईल घालून आमच्या दारात यायचं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं ती. आधी ऊस, पाऊस, पोरीचं लग्न असं सगळं बोलून व्हायचं, काकीचा चहा व्हायचा, आणि उठता उठता म्हणायचे, "मास्तर, तेवढं जरा बघता का काय लिव्हलंय." तात्या चष्मा पुसायचे. पहिल्या पानापासून सगळं वाचायचे, अगदी पेशंटचं नाव आणि रक्तगटसुद्धा. मग एक वाक्य मराठीत सांगायचे, आणि त्यावर ठरलेलं, "इलाजाचं डॉक्टरला इचारा, मी नुस्ता शब्द सांगतो."

त्या एका वाक्यासाठी लोक यायचे. कारण तात्यांनी जे शब्द ठरवले होते ते गावाने हळूहळू पाठ केले होते. इंग्रजीत आजार मुळापासून जाणार असं लिहिलेलं असलं तर ते म्हणत, "बरा व्हईल." आजार राहणार, फक्त दुखणं कमी करता येणार, असं असलं तर म्हणत, "बरं वाटंल." बाहेरच्या माणसाला दोन्हीतला फरक जाणवला नसता. पण मी दाराच्या आतून बघितलेलं आहे, 'बरं वाटंल' ऐकलेली बाई पुढे एक अक्षर विचारायची नाही. फाईल पिशवीत घालायची, पदर सारखा करायची, आणि मुलांना बोलावून घ्यायला फोन करायला जायची. तात्या कधी खोटं बोलले नाहीत आणि कधी कोणाला 'मरणार' असंही म्हणाले नाहीत. काकी सगळ्यांना चहा द्यायची, कप विसळायची, आणि ऐकत असायची.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, ते ज्ञानू नानांच्या पोरापर्यंत. ज्ञानू नाना म्हणजे आमचे शेजारी, पलीकडच्या आळीतले. त्यांचा एकुलता मुलगा उत्तरेत कुठेतरी लष्करात होता. एक दिवस दुपारी त्याच्या पलटणीतून फोन आला की गाडी दरीत गेली. समोरचा साहेब हिंदी-इंग्रजीत बोलत होता, नानांना काही उमजेना, ते तसाच चालू फोन घेऊन पळत तात्यांकडे आले. साहेब म्हणाला, कंडिशन सीरियस आहे. तात्यांनी विचारलं, "सर, सीरियस ऑर क्रिटिकल?" साहेब म्हणाला, "क्रिटिकल, सर." तात्यांनी फोन नानांच्या हातात दिला आणि म्हणाले, "नाना, आजच निघा. मनाची तयारी ठिवून निघा."

नाना पोचायच्या आधी मुलगा गेला होता. गावात तिरंग्यात आला, बंदुकांची सलामी झाली, पुढाऱ्यांची भाषणं झाली. सगळं निवल्यावर नाना आमच्या अंगणात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "मास्तर, तू खरं सांगितलंस, त्येच्यात चूक न्हाई तुझी," ते म्हणाले. "पर दोन दिस रेल्वेत मी पोराला एकसारखा मारत हुतो. येक येक टेसन गेलं की वाटायचं, आता गेला आसंल. तू नुस्तं जखमी हाय म्हणला आसतास तर तेवढं दोन दिस जित्तं ऱ्हायलं आसतं माझं पोरगं." नानांनी त्यानंतर आमची पायरी चढणं सोडलं. रस्त्यात दिसले तर मान हलवायचे, एवढंच. तात्यांनी फाईल वाचणं थांबवलं नाही, पण तेव्हापासून चष्मा पुसून झाला की आधी समोरच्याला विचारायचे, "तुला किती ऐकायचं हाय?"

तात्यांचा मुलगा सुहास या सगळ्यात नव्हता. दहावीनंतर तो पुण्याला वसतिगृहात गेला, तिथेच शिकला, तिथेच नोकरीला लागला. सुट्टीला यायचा तेव्हा फाईल घेऊन आलेली माणसं त्याला फक्त चहाला आलेली माणसं वाटायची. मायाळू मुलगा. बापावर त्याचा इतका जीव की तात्यांना नुसता खोकला झाला तरी पुण्याहून औषधांचं पार्सल यायचं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तात्यांचं जेवण तुटलं, डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा तो रजा टाकून धावत आला आणि त्यांना मिरजेला घेऊन गेला. मिरज माझ्या सांगलीच्या घरापासून जवळ, म्हणून तात्या आणि काकी माझ्याकडे राहायला आले.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सुहासला आणि मला आत बोलावून सांगितलं की गाठ स्वादुपिंडाची आहे, काढता येण्यासारखी नाही, आता उपचार करायचे ते त्रास कमी करण्याचे. सुहासने टेबलाची कड धरून ठेवली होती. तो एवढंच म्हणाला, "सर, त्यांना कळता कामा नये. ते इंग्रजीचे मास्तर होते. त्यांच्यासमोर एकही इंग्रजी शब्द बोलू नका, प्लीज. कागद सगळे माझ्याकडे द्या." डॉक्टर भला माणूस होता, तो कबूल झाला. तात्यांना आत आणल्यावर त्याने खुर्ची जवळ ओढली आणि स्वच्छ, गोड मराठीत सांगितलं, "आजोबा, पोटाला जरा सूज आहे. काही काळजी करू नका. या औषधांनी तुम्हाला बरं वाटेल."

तात्या तपासून झाल्यावर सदऱ्याची बटणं लावत होते. त्यांची बोटं एका बटणावर थांबली. मग त्यांनी ते बटण लावलं, त्याच्या वरचंही लावलं, आणि डॉक्टरांना नमस्कार केला. सुहासने सुटकेचा श्वास सोडून माझ्याकडे बघितलं. त्या पोराने दारं-खिडक्या सगळ्या इंग्रजीच्या बंद केल्या होत्या. वाईट बातमी आपल्या घरातल्या भाषेतून आत येईल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. येताना गाडीत तात्या पुढे बसले होते. सांगली जवळ आल्यावर म्हणाले, "डॉक्टरचं मराठी लय चांगलं हाय." सुहास म्हणाला, "हो ना तात्या, माणूस फार चांगला आहे." मी मागे बसून खिडकीबाहेर बघत राहिले, कारण आरशात तात्यांचे डोळे मला दिसत होते आणि मला ते बघायचे नव्हते.

सुहासने फाईल माझ्या दिवाणात, रजयांच्या खाली लपवली. सोमवार ते शुक्रवार तो पुण्याला असायचा, शनिवारी यायचा. काकीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. सुहास म्हणाला, आईला कळलं की तात्यांना तिच्या तोंडावरून कळेल. त्याचा हिशेब बरोबर होता. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. काकीसारख्या बाईला फाईल सापडली तर ती काय करेल? आमच्या गावातल्या कोणत्याही बाईने जे केलं असतं तेच.

थंडी संपत आली होती, आणि काकीने एक दिवस रजया उन्हात घालायला काढल्या. मी कॉलेजातून दुपारी घरी आले तर तात्या कॉटवर बसलेले आणि काकी खाली फरशीवर, समोर, गावाकडून आलेल्या बायका बसायच्या तशी. मांडीवर फाईल. "आवं, बघा की काय लिव्हलंय," ती म्हणत होती. "समद्या गावाच्या फायली वाचता, आपली न्हाई वाचायची व्हय?" तिच्या आवाजात थोडी थट्टाच होती. मी पुढे होऊन म्हणाले, "काकी, ती जुनी आहे गं, आण इकडे." तात्यांनी माझ्याकडे वर न बघता हात पुढे केला आणि फाईल घेतली. "मंगे, च्या टाक," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले. पाणी उकळत होतं आणि मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. चष्मा पुसल्यावर तात्यांनी तिला विचारलं, "तुला किती ऐकायचं हाय?" ती म्हणाली, "गावाला सांगता तेवढं." मग बराच वेळ फक्त पानं उलटण्याचा आवाज. ते सगळं वाचत होते, पहिल्या पानापासून... स्वतःचं नाव, वय, रक्तगट, सगळं. मी गॅस बारीक केला, पुन्हा मोठा केला, साखर घातली की नाही ते मला आठवेना. शेवटी पानं थांबली. तात्या म्हणाले, "बरं वाटंल मला."

मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा काकी फाईलचा बंद बांधत होती, गाठ नीट बसेना म्हणून पुन्हा सोडून बांधत होती. मग उठली, फाईल दिवाणात होती तिथे ठेवली आणि उन्हातून अजून गरम असलेल्या रजया तिच्यावर रचल्या. झाकण लावून झाल्यावर मला म्हणाली, "सुहासला यातलं काय सांगू नगंस, मंगल. त्याला वाटतंय त्येनं आपल्यापासनं झाकून ठेवलंय. ठेवू दे." मी तात्यांकडे बघितलं. ते चहा बशीत ओतत होते. "पोरगं शनवारी येतंय ते हसत येतंय," ते म्हणाले. "ज्ञानू नाना खोटं न्हाई बोलला त्या दिशी. आपल्याला कळलंय आसं सुहासला समजलं की त्याच्या डोळ्यात मी त्याच दिशी मेलो. तेवढं दिस मला ऱ्हाऊ दे तितं."

त्यानंतरचे शनिवार मला आठवले तरी अंगावर काटा येतो. सुहास फळं घेऊन यायचा, नातवाचे व्हिडिओ दाखवायचा, उन्हाळ्यात सगळे महाबळेश्वरला जाऊ म्हणायचा. तात्या म्हणायचे, जाऊ की. येताना मेढ्याला मावशीकडे उतरू, सुहास म्हणायचा. उतरू की. काकी विचारायची, तितं आता थंडी असंल का रं, स्वेटर घ्यायचं का? आणि मी त्या तिघांना वाढत असायचे. घरात चार माणसं, चौघांनाही सगळं माहीत, आणि त्यातला एक जण आपल्याशिवाय कोणाला माहीत नाही या समजुतीत घास गिळतोय. मला ते असह्य झालं. एकदा काकी अंघोळीला गेलेली बघून मी तात्यांवर चिडलेच. म्हटलं, जन्मभर शब्द तोलून मापून वापरलेत आणि आता स्वतःच्या पोराला फसवता? तात्यांचे गाल तोवर आत गेले होते, सदरा खांद्यावर टांगल्यासारखा दिसायचा. "डिसीव्ह न्हवं ते, मंगे," ते म्हणाले. "प्रिटेंड. डिसीव्ह करणाऱ्याला समोरच्याचं काय तरी काढून घ्याचं असतंय." मी म्हटलं, कोणत्याही भाषेत याला खोटंच म्हणतात. ते हसले, मग हसण्याने पोटात कळ आली तसे पाय दुमडून पडून राहिले, आणि कळ ओसरल्यावर म्हणाले, "म्हणू दे. मला आता दुसरा शब्द शोधायला ताकद न्हाई."

उन्हाळा लागायच्या सुमाराला त्यांनी गावी जायचा हट्ट धरला. गावी नेल्यावर ते झपाट्याने खचले. सुहास मोठी रजा घेऊन आला होता, पण मधेच ऑफिसात एक दिवस तोंड दाखवून येणं भाग पडलं. निघताना तो तात्यांच्या पायाशी बसला होता, मी औषध देत होते. तात्यांनी त्याचा हात धरला. "सुहास..." ते म्हणाले. "काय तात्या?" तात्यांचे ओठ हलले. काहीतरी मोठं, सगळं वाक्य, त्यांच्या तोंडापर्यंत आलेलं मी बघितलं. सुहासच्या तोंडावर तेच ठेवणीतलं हसू होतं. तात्यांनी ते हसू बघितलं आणि म्हणाले, "काय न्हाई. गाडी सावकाश चालव." मीही त्याच संध्याकाळी सांगलीला परतले, आणि दुसऱ्या दिवशी तो परत यायच्या आधी ते गेले.

सावडायच्या दिवशी ज्ञानू नाना आले आणि इतक्या वर्षांनी पायरी चढून ओसरीवर बसले. चहा घेतला नाही. उठताना सुहासच्या पाठीवर हात ठेवून "मास्तर खरं बोलायचा," एवढं म्हणाले आणि गेले. भेटायला येणारे बाकीचे सगळे मात्र एकच गोष्ट बोलत होते, की पुण्यवान माणूस, शेवटपर्यंत काय झालंय ते कळलंसुद्धा नाही. पहिले काही दिवस सुहास मान हलवायचा. पुढे तो तिथून उठून जायला लागला. दिवस झाले तरी पुण्याला जायचं नाव घेईना, ताटावर बसून नुसती भाकरी कुस्करायचा. एकदा गोठ्यामागे मला एकटीला म्हणाला, "ताई, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी जे सांगेन ते खरं मानलं. आणि मी प्रत्येक वेळी तोंडावर खोटं बोललो. ते गाडी सावकाश चालव म्हणाले गं मला... त्यांना माहीत असतं तर माझ्याशी शेवटचं ते बोलले असते का?" मला उत्तर माहीत होतं आणि मी शब्दाने बांधलेली होते. मी काकीकडे गेले. म्हटलं, हे आता तूच सोडव, नाहीतर हा मुलगा यातून उठायचा नाही. काकी म्हणाली, "त्यांनी नगं म्हणून सांगितलं हुतं." मी म्हटलं, ते गेले. हा आहे.

महिन्याच्या दिवशी पानं उठली, पाहुणे गेले. सुहास मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसला होता. काकी हात पुसत आली आणि त्याच्यासमोर बसली. मला वाटलं, ती जेवायचा आग्रह करायला आली आहे.

"सुहास, त्यांनी फायल वाचली हुती," ती म्हणाली. "मीच दिली हुती वाचायला."

त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"कधी?"

"मंगलच्या घरी. तू पुण्याला हुतास तवा."

"म्हणजे महाबळेश्वर... ते सगळं...?"

"समदं म्हाईत हुतं. त्यांनाबी, मलाबी. तू लय ग्वाड बोलायचास. तू आला की ते घास जास्ती खायाचे."

मला वाटलं आता तो रडेल. पण तो उठून उभा राहिला, आणि लहानपणीसुद्धा मी त्याला आईवर असा आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "मग मला का नाही सांगितलंत? मी एकटा होतो, आई. दर शनिवारी गाडीत बसून रडायचो. ताईच्या घराखाली बाटलीतल्या पाण्याने तोंड धुऊन मग वर यायचो. तुम्हाला दिसू नये म्हणून."

काकी म्हणाली, "तू गेल्याव आमीबी तोंड धूत हुतो की रं, बाळा."

हे लिहू का, असं मी सुहासला विचारलं तेव्हा तो आधी नको म्हणाला. काही दिवसांनी त्याचाच फोन आला, लिही म्हणाला, लोक अजून येऊन तेच पुण्यवान-पुण्यवान बोलतात, मला ऐकवत नाही. तो आता पुण्याला कामावर जातो. शनिवारी मात्र गावी येतो. परवा मी तिथे होते. तो गाडीतून उतरला तो जसा होता तसाच, लाल डोळ्यांनी, चपला दारात टाकून सरळ आत आला आणि तात्यांच्या खाटेवर बसला. काकी त्याला काही विचारत नाही. तिने त्याचं रडून होईपर्यंत वाट बघितली, मग पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला, आणि त्याचं झाल्यावर त्यातच उरलेल्या पाण्याने स्वतःचंही तोंड धुतलं.